भज्जी म्हणजे भजी नव्हे: आहार-नोंदीचं साधन एजंटच्या हाती दिल्यानंतरचे सात महिने

मिरगाच्या आसपास सुरुवात केली होती, आता संक्रांत उलटून गेली. लातूरला आमच्या घरी आईला साखरेचा त्रास आहे. दर खेपेला डॉक्टर विचारतात, "दिवसाला भाकरी किती?" आणि घरातला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. म्हणून कमांड लाइनवर, म्हणजे बटणांऐवजी टाइप केलेल्या हुकमांवर, चालणारं एक छोटं, फुकट मिळणारं, मुक्त स्रोत साधन उतरवून घेतलं. नाव सांगत नाही, कारण बनवणाऱ्यानं ते फावल्या वेळात केलंय आणि मी पुढं बऱ्याच तक्रारी करणार आहे. आई फोनवर बोलते, एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः साधनं चालवून करणारा प्रोग्रॅम) ते ऐकून साधनात नोंद करतो, अशी रचना. नोंदी घरच्याच संगणकावर एका फायलीत राहतात. नोंदी कुठल्या सर्व्हरवर अडकून पडत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं.

पहिल्याच आठवड्यात एजंटनं आईच्या एका भाकरीच्या १,९५७ कॅलरी लावल्या.

हा आकडा आला कुठून, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. पोषणमूल्यं मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून भरली होती. त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. ज्वारीची १०० ग्रॅमला साधारण १,३९८. साधनात सदराचं नाव नुसतं 'ऊर्जा', त्यामुळं एजंटनं ते कॅलरी समजून घेतलं. आहारातली एक कॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, म्हणून ४.१८४ नं भागल्यावर आकडा ४६८ वर आला, तरी तो जास्तच वाटत होता. मग वजनकाटा काढला. आईची भाकरी तव्यावरून उतरल्यावर १४० ग्रॅम भरली, पण तिला पीठ लागलं होतं ९० ग्रॅम. बाकीचं पाणी. तक्ता कोरड्या धान्याचा आणि एजंट गुणत होता भाजलेल्या भाकरीला. खरा आकडा ३०० च्या आसपास. एकाच आकड्यात दोन चुका बसल्या होत्या आणि दोन्ही आमच्या कागदपत्रांतल्या, एजंटचं गणित बरोबरच होतं.

साधनासोबत आलेली माहिती माणसासाठी लिहिलेली होती. स्क्रीनचे फोटो, 'चित्रात दाखवल्यासारखं टाइप करा', वगैरे. एजंटला त्याचा काय उपयोग? मी उत्साहाच्या भरात त्याच्यासाठी अकरा पानं लिहिली. तीही फसली. नियम नवव्या पानावर आणि एजंट तिसऱ्या पानावरच्या उदाहरणाला धरून बसलेला. आता दीड पान उरलंय. एमसीपीनं (एजंटला बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत) जोडणी करताना प्रत्येक कमांडला छोटं वर्णन देता येतं आणि कुठली कमांड वापरायची हे एजंट मुख्यतः त्यावरूनच ठरवतो. म्हणून वर्णनात 'काय करते' याच्या जोडीनं 'कधी वापरू नये' हेही लिहायला लागलो.

हे सुचायला एक गुरुवार घालवावा लागला. आई म्हणाली, "चार वाजताचा चहा पिले नव्हते रे, तो काढून टाक." एजंटनं डिलीट चालवलं, सोबत फक्त तारीख दिली आणि अख्खा दिवस साफ. नुसती तारीख दिली की त्या दिवसाचं सगळं पुसतं, हे मूळ माहितीत कुठंच नाही. परत विचारणं नाही, उलटं फिरवण्याची सोय नाही. हा दोष मी साधनाच्याच माथी मारतो.

दुसरी खोड वेळेची. आई पहाटे पाचला उठून चहा घेते. साधन वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत धरतं, ती आपल्याहून साडेपाच तास मागं, आणि तो चहा आदल्या दिवसात जाऊन पडायचा. एकादशीच्या उपवासाला द्वादशीचा दुधाचा चहा चिकटलेला पाहून आई म्हणाली, "तुझ्या मशीनला तिथी बी कळंना की." शिवाय नेट अडखळलं की एजंट तीच नोंद पुन्हा टाकायचा. आता नियम लिहिलाय: नोंद टाकण्याआधी त्या दिवसाची यादी वाच.

सगळ्यात मजा आली येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. शेतात जेवण झालं, आईनं सांगितलं, "दोन वाट्या भज्जी, आंबिल, एक उंडा." एजंटनं दोन वाट्या तळलेली कांदाभजी लिहून टाकली! येळवशीची भज्जी म्हणजे पालेभाज्या, वाटाणे, तुरीचे दाणे, बेसन घालून शिजवलेली पातळसर भाजी, हे त्याला कोण सांगणार? उंड्याला काहीच सापडलं नाही तर उकडलेलं अंडं लावलं. खटकलं ते हे की त्यानं विचारलं नाही. त्या रात्री दीड पानाच्या सगळ्यात वर ओळ टाकली: शब्द नेमका जुळला नाही तर अंदाज करू नकोस, आईला विचार. खाली आमच्या बोलीची यादी: जोंधळा म्हणजे ज्वारी, सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा नाश्ता, भज्जी म्हणजे भजी नव्हे. यादी आता ६३ शब्दांची झालीय आणि त्यातले निम्मे आईनं सांगितलेत.

पाचपैकी साडेतीन देईन. मागच्या खेपेला डॉक्टरांना महिन्याचा कागद दाखवला, त्यांनी भाकरीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि रात्रीची एक कमी करायला सांगितलं. तेवढ्यासाठी सात महिने वाया गेले असं म्हणवत नाही. पण स्वतःची यादी लिहायची तयारी नसेल, तर साधं वहीपेन बरं.

तेलाचं मात्र अजून जमलेलं नाही. नियमाप्रमाणे एजंट विचारतो, फोडणीला तेल किती घातलं? आई सांगते, "अंदाजानं." तो रकाना रोज रिकामा राहतो.