नेटवर्किंगची लॅब ऑनलाइन नेली, एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गोव्यात फोंड्याला आम्ही नेटवर्किंग शिकवतो. बॅचमधली बरीच मुलं पेडणे, वाळपई, काणकोणची, काही वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट करून शिकणारी, त्यांना संध्याकाळच्या प्रॅक्टिकलला पोचणं जमतच नाही, म्हणून लॅब ऑनलाइन नेली. आता अख्खा पावसाळा त्यावर काढलाय तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, कॉन्फिगरेशन आणि ट्रबलशूटिंग ऑनलाइन जास्त चांगलं शिकवता येतं, पण केबलचं काम ऑनलाइन शिकवू नका, होत नाही.

सुरुवातीला पॅकेट ट्रेसर, म्हणजे राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं, स्क्रीनवरच नकली नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, सबनेटिंग (आयपी पत्त्यांचे गट पाडणं) आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करणं) समजायला पुरेसं. पण ते सिम्युलेटर आहे, त्यात जेवढ्या कमांड घातल्यात तेवढ्याच चालतात, म्हणून पुढच्या विषयांना सर्व्हरवर ईव्ह-एनजीची (त्यात खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर चालवता येतं) फुकट मिळणारी कम्युनिटी आवृत्ती टाकली आणि आत लिनक्सच्या छोट्या मशीनवर एफआरआर. एफआरआर म्हणजे २०१७ मध्ये क्वागा नावाच्या प्रकल्पातून वेगळं झालेलं, साध्या मशीनला राउटर बनवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्याच्या कमांड सिस्कोच्या वळणाच्याच आहेत त्यामुळे मुलांना परकं वाटत नाही. ईव्ह-एनजीबरोबर कुठल्याही कंपनीच्या राउटरची इमेज, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरची फाइल, येत नाही, ती लायसन्स घेऊन आपली आपण टाकायची. नेटवरून कुठूनतरी उचललेल्या इमेजवर मुलांना शिकवणं मला पटत नाही, एफआरआरने तो प्रश्नच संपला.

आता महत्त्वाचं. वाळपईकडे पावसात लाइट जाते, वायफाय जातं, मोबाइलची एखादी काडी उरते. आधी आम्ही व्हिडिओवर स्क्रीन शेअर करून शिकवत होतो ते अशा वेळी बंदच पडायचं. मग सगळं एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड टाइप करायची सोय) आणि टीमक्सवर (लाइन तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आणलं. टर्मिनलमध्ये नुसता मजकूर येतो-जातो, डेटा अगदी कमी लागतो, आणि मुलाची लाइन तुटली तरी त्याचे राउटर इकडे सर्व्हरवर चालूच राहतात, तो अर्ध्या तासाने परत आला की जिथे थांबला होता तिथेच. शिवाय टीमक्समध्ये त्याचंच सेशन मी उघडू शकतो, तो काय टाइप करतोय, कुठे अडलाय सगळं दिसतं. रॅकसमोर चार जण असले की एक टाइप करायचा आणि तिघं बघायचे, इथे प्रत्येकाचे हात कीबोर्डवर. ज्यांच्याकडे फोनच आहे त्यांना अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप टर्मक्स सांगा, त्यात टॅब आणि कंट्रोलची वेगळी पट्टी मिळते, फोनच्या साध्या कीपॅडवर त्याशिवाय निभाव लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता धडा म्हणजे मुद्दाम बिघडवून दिलेलं नेटवर्क. एका राउटरचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा सगळ्यात मोठा आकार, १५०० बाइट ठेवायचा, समोरच्याचा १४००, आणि मुलांना सांगायचं ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) का जुळत नाही ते शोधा. पिंग केलं तर व्यवस्थित जातं, राउटरांनी एकमेकांना पाठवलेले हॅलो दिसतात, पण नेबरची, म्हणजे शेजारच्या राउटरची, स्थिती एक्सस्टार्ट या मधल्या पायरीवरच अडकलेली. पेडण्याची एक मुलगी आधी एरिया नंबर बघत होती, मग हॅलो आणि डेड टायमर, १० आणि ४० सेकंद, तेही दोन्हीकडे सारखेच. शेवटी तिने टीसीपीडम्प (लाइनवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावलं आणि डेटाबेस डिस्क्रिप्शनचं, म्हणजे आपल्याकडच्या माहितीची यादी देणारं, तेच पाकीट पुन्हा पुन्हा जाताना बघितलं, त्या पाकिटात एमटीयू लिहिलेला असतो आणि समोरचा तो आपल्यापेक्षा मोठा बघून पाकीटच नाकारतो. मग तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचं पिंग टाकलं, ते गेलंच नाही. "सर, म्हणजे लहान जातंय, मोठं अडकतंय" असं तिने चॅटवर टाकलं तेव्हा मला खरंच भरून आलं. हे फळ्यावर कितीही वेळा सांगा, असं डोक्यात बसत नाही.

आता केबल. आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलचा प्लग, क्रिम्प करताना (दाबून बसवताना) नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी हा क्रम मुलं पाठ म्हणतात, पण वायरींचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही हे हातात वायर घेतल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत जॅकच्या पिना हिरव्या पडतात, लिंक येते-जाते, असला बिघाड सर्व्हरवर कसा दाखवणार? कन्सोल केबलने राउटर थेट लॅपटॉपला जोडून ९६०० बॉडच्या वेगाने पहिल्यांदा उघडण्याचंही तसंच. म्हणून एका शनिवारी सगळ्यांना फोंड्याला बोलावतो, दिवसभर फक्त क्रिम्पिंग, टेस्टर आणि रॅक. कंपनीतून सुट्टी मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी रविवारी परत घेतो, पण हा दिवस कुणालाच माफ नाही.

एक काळजी घ्या, ईव्ह-एनजीच्या कम्युनिटी आवृत्तीत सगळे युजर अ‍ॅडमिनच असतात, त्यामुळे कोणाच्याही लॅब कोणीही उडवू शकतो. आम्ही मुलांना फक्त त्यांच्या टीमक्स सेशनपुरता प्रवेश देतो आणि लॅबच्या फाइलींचा रोज रात्री बॅकअप. परीक्षाही आता बिघडवलेल्या नेटवर्कवरच, प्रत्येकाचे आयपी वेगळे आणि बिघाडही वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर मिळालं तरी उपयोग नाही. पुढच्या बॅचला बीजीपी (इंटरनेटवरची मोठी नेटवर्क एकमेकांना जोडणारा प्रोटोकॉल) याच पद्धतीने घेणार आहे, कोणी आधी केलं असेल तर सांगा.