चार आकड्यांचं निदान: चेहऱ्याला पैकीच्या पैकी, मनाला काठावर पास

आई गरोदरपणात दारू प्यायली असेल, तर मुलावर त्याचा किती परिणाम झाला हे मोजायला वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘फोर-डिजिट डायग्नॉस्टिक कोड’ १९९७ पासून वापरात आहे. तिसरी आवृत्ती २००४ ची. चेहऱ्याच्या खुणा टिपायला हे साधन फार काटेकोर आहे. पण मूल पुढे चिडचिडं, चंचल किंवा खिन्न का झालं, हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी ते जरा जपूनच वापरावं.

वाढ, चेहरा, मेंदू आणि दारू, या क्रमाने प्रत्येकाला १ ते ४ असा आकडा द्यायचा. ४४४४ म्हणजे चारही घरांत ठळक खूण, ११११ म्हणजे काहीच नाही. एकूण २५६ जोड्या होतात आणि त्या २२ गटांत बसवल्या आहेत.

यातला सगळ्यात घोटून केलेला भाग म्हणजे ओठांचा तक्ता. त्यात पाच फोटो आहेत. नाकाखालची उभी खाच आणि वरचा ओठ यांची पारख वेगवेगळी करायची, एकदम नाही. ३ म्हणजे सरासरी, तर ४ आणि ५ म्हणजे सपाट खाच, पातळ ओठ. चेहऱ्याला ४ मिळायला खाच आणि ओठ दोन्ही ४ किंवा ५ हवेत, शिवाय डोळ्याची आडवी फट सरासरीपेक्षा निदान २ प्रमाण विचलनांनी लहान हवी, म्हणजे शंभरातल्या जेमतेम दोन-तीन मुलांत आढळेल इतकी. तक्ते दोन आहेत, एक पातळ ओठांच्या समाजांसाठी आणि एक भरलेल्या ओठांच्या. चुकीचा उचलला की आकडा घसरलाच.

फोटो काढताना हमखास चुका होतात. मूल हसलं की ओठ ताणला जातो आणि खाचही सपाट दिसते, त्यामुळे ‘हस बघू’ म्हणायची सवय इथे नडते. ओठ मिटलेले, चेहरा सैल हवा. उभ्याने, वरून पाहिलं तर ओठ आहे त्यापेक्षा पातळ वाटतो, म्हणून खाली बसून कॅमेरा मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीला आणायचा. कपाळावर भुवयांच्या मधोमध पाऊण इंची गोल स्टिकर लावतात, कारण सॉफ्टवेअर त्याच मापावरून डोळ्याची फट मिलिमीटरमध्ये काढतं. स्टिकर दुसऱ्या मापाचा असेल आणि नोंद पाऊण इंचाचीच राहिली, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

एवढं सगळं चोख केलं तरी मुख्य अडचण उरतेच. या खुणा घडतात त्या गरोदरपणाच्या सुरुवातीच्या अगदी थोड्या दिवसांत, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून बहुतेक बाधित मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. त्यांचं सगळं निदान तिसऱ्या आकड्यावर येतं. तिथे ३ मिळायला स्मरणशक्ती, भाषा, लक्ष, नियोजन अशा किमान तीन क्षेत्रांत प्रमाणित चाचण्यांचे गुण २ प्रमाण विचलनांनी कमी यावे लागतात. नुसत्या बुद्ध्यांकावर भागत नाही. बुद्ध्यांक बरा असूनही मूल रोजच्या व्यवहारात अडखळू शकतं.

चिंता आणि नैराश्य यांना मात्र चार आकड्यांत स्वतःचं घर नाही. याच विद्यापीठाने १९९६ मध्ये ४१५ बाधितांची पाहणी केली, तेव्हा ९४ टक्क्यांना कधी ना कधी मानसिक त्रास झालेला आढळला. ही मंडळी निदानासाठी आलेली होती, तेव्हा आकडा सगळ्या समाजाला लावू नये, पण त्यामुळे या उणिवेकडे डोळेझाक करता येत नाही. याच निदानासाठीची कॅनडाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत सरस आहेत. त्यांच्या दहा क्षेत्रांत भावनांवरचं नियंत्रण हे स्वतंत्र क्षेत्र आहे.

कोडच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गर्भातली इतर जोखीम आणि जन्मानंतरची जोखीम यांना तो आणखी दोन आकडे देतो. मारहाण, हेळसांड, सतत घर बदलणं या गोष्टी तिथे नोंदवायच्या. घाईत हेच रकाने कोरे राहतात आणि मग मुलाच्या सगळ्या भीतीचं खापर दारूवर फुटतं.

चौथ्या, म्हणजे दारूच्या आकड्यात एक फसवी जागा आहे. १ म्हणजे दारू घेतली नाही याची खात्री, २ म्हणजे माहिती नाही. केसपेपरवर दारूचा उल्लेख नसेल तर आकडा २ च येतो, १ नाही. मूल दत्तक असेल तर हे फार महत्त्वाचं. विचारण्याची रीतही बदलावी. ‘गरोदरपणात पीत होता का?’ याला सहसा ‘नाही’ येतं. ‘दिवस गेल्याचं कळण्याआधीच्या महिन्यात एका बैठकीत किती व्हायची?’ असं विचारलं, की नोंदवण्याजोगं काही हाती लागतं.