साठ चाचण्यांचं पॅकेज आणि पैलवानाचं क्रिएटिनिन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबचं ‘फुल बॉडी चेकअप’. रक्त काढण्याचं काम चोख आहे. दंडाचा पट्टा मिनिटभराच्या आत सोडतात, साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लुराइडची नळी वेगळी घेतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, म्हणून हे महत्त्वाचं.

घोळ रिपोर्टात आहे. आकडा ‘नॉर्मल रेंज’बाहेर गेला की लाल बाण, पण ती रेंज कुणावरून काढली याचा पत्ता नाही. रूढ पद्धतीत किमान १२० निरोगी माणसं तपासून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरतात. म्हणजे निरोगी माणसांतले ५ टक्के मुळातच बाहेर ठेवलेले. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर धडधाकट माणसालाही निदान एक बाण यायची शक्यता ६४ टक्के, ६० केल्या तर ९५. (हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, जोडीनेच हलतात, त्यामुळे प्रत्यक्षात काहीशी कमी.) एचबीएवनसीचा (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) मधुमेह ठरवणारा ६.५ हा आकडा मात्र या जातीचा नाही. डोळ्याच्या पडद्याची इजा कुठून वाढते ते पाहून तो ठरवलाय. तो बाण गांभीर्याने घ्या.

गंगावेस तालमीतल्या पैलवानाचं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.४ आलं, तर किडनी बिघडलीच असं नाही. ते स्नायूंतून येतं, आणि मटण खाल्ल्यावर काही तास आणखी चढतं. त्यावरून किडनीची गाळण्याची ताकद काढणारं ईजीएफआरचं सूत्र वय आणि लिंग बघतं, दंड-मांड्या बघत नाही. आठवडाभर मेहनत बंद, आदल्या दिवशी तांबडा रस्सा बंद, मग पुन्हा तपासा. तरी शंका उरली तर सिस्टॅटिन-सी, म्हणजे स्नायूंवर फारशी न अवलंबणारी किडनीची चाचणी. जोर-बैठकांनी एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतलं, पण स्नायूंतही असणारं एन्झाइम) सुद्धा वाढतं, बोल मात्र लिव्हरला लागतो.

एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) इथे मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. १९७२ चं हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारा: बाहेरून घेतलेली रेंज इथल्या २० निरोगी माणसांवर पडताळली का? दोनपेक्षा जास्त बाहेर गेले तर ती तशीच वापरायची नसते.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी, लिपिड, क्रिएटिनिन आणि लघवी एवढंच सुटं करून मिळतं, पण मागावं लागतं.