मोरपंखी पैठणी निळी झाली, मग मी डाविंची रिझॉल्व्ह घेतलं

सिडकोतल्या घराच्या मागच्या खोलीत माझं एडिटिंग चालतं. कॅमेरा मी धरत नाही. शूटवाले रात्री हार्ड डिस्क आणून देतात, ‘ताई, डेटा टाकलाय, कलर तेवढा बघून घ्या’ म्हणतात आणि गाडीला किक मारतात.

गेल्या सीझनला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवरचं लग्न आलं. दोन सोनी कॅमेरे, एक ड्रोन आणि नवरीच्या मावसभावाने आयफोनवर काढलेली हळद. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा जोडायच्या पट्टीवर, ओढल्याबरोबर हळद भाजून निघाल्यासारखी दिसली. कपाळं पांढरी, मांडव पांढरा, हळदीचा रंग लिंबू सरबताचा. तेव्हाचं सॉफ्टवेअर वेगळं होतं. नाव घेत नाही, कारण त्यात माझीच चूक मोठी होती. मी हाताने हायलाइट, म्हणजे चित्रातले उजळ भाग, खाली ओढले, चित्र मरगळलं म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, चढवलं, मग चेहरे लाल झाले म्हणून लाल कमी केला. चार तास गेले. दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन: ‘अहो ताई, मी येवल्याहून मोरपंखी पैठणी आणली होती. व्हिडिओत ही निळी कुणाची नेसलेय मी?’

त्या आठवड्यात डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या आणि रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उतरवली. सहा-सात लग्नं त्यावर करून मग हे लिहितेय.

मुळात फोनच्या क्लिपचा रंग बिघडलेला नसतोच. आयफोन १२ पासूनचे फोन व्हिडिओ एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला धरून काढतात, तोही एचएलजी नावाच्या वेगळ्या हिशेबाने. आपली टाइमलाइन असते रेक ७०९ ची, म्हणजे साध्या टीव्हीच्या रंगांच्या ठरलेल्या हिशेबाची. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत मांडला की बेरीज चुकणारच, आणि मी चार तास ती चुकीची बेरीज खोडत बसले होते.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘डाविंची वायआरजीबी कलर मॅनेज्ड’ निवडायचं. मग मीडिया पूलमध्ये, म्हणजे सगळ्या क्लिपा जिथे जमा होतात तिथे, फोनच्या सगळ्या क्लिप एकदम निवडून राइट क्लिक, इनपुट कलर स्पेस, रेक २१०० एचएलजी. बऱ्याचदा फाइलवरची नोंद वाचून ते स्वतःच ओळखतं. मी तीच जुनी हळद मुद्दाम परत टाकून पाहिली. कपाळावर कातडीचा रंग आला, वाटीतली हळद पिवळीधमक झाली, आणि नवरीच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, पदराच्या घडीत हिरवी झाक दिसायला लागली. अजून रंग बदलायच्या एकाही चाकाला हात लावला नव्हता.

सोनीच्या एस-लॉग३ क्लिपना (या मुद्दाम फिक्या काढतात, रंग नंतर भरायचा) मात्र हाताने सांगावं लागतं: एस-गॅमट३ सिने, एस-लॉग३. इथे मी माती खाल्ली. सवयीने वरून शूटवाल्याने दिलेला लटही, म्हणजे रंग बदलायची तयार फाइलही, लावली. एकदा सॉफ्टवेअरने रूपांतर केलेलं, त्यावर लटने पुन्हा केलं. नवरदेवाचा काळा सूट म्हणजे डांबराचा गोळा, एक बटण दिसेना. कलर मॅनेजमेंट चालू असेल तर तो लट लावू नका. आणि हे सेटिंग पहिली क्लिप टाकायच्या आधी ठरवा. अर्धं ग्रेडिंग, म्हणजे रंगाचं काम, झाल्यावर बदललंत तर केलेलं सगळं इकडचं तिकडे होतं.

दुसरी कामाची जागा क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधली डेटा लेव्हल्स. संगीताच्या कार्यक्रमात लावायला नवरदेवाच्या आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कुणीतरी डिजिटल करून आणली होती. काळं तिथे राखाडी, सगळ्यावर दुधाची साय आल्यासारखी. व्हिडिओत काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर धरतात, तर फुल रेंजमध्ये ० ते २५५. फाइल पहिल्या प्रकारातली आणि वाचली जात होती दुसऱ्या प्रकाराने. ‘ऑटो’चं ‘व्हिडिओ’ केलं, साय गेली. काँट्रास्ट वाढवून ती कधीच नीट गेली नसती.

मॅकवाल्यांचं आणखी एक दुखणं असतं. रिझॉल्व्हमध्ये बघितलेलं आणि मॅकच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये उघडलेलं सारखं दिसत नाही, क्विकटाइममध्ये जरा फिकं वाटतं. रेंडरच्या, म्हणजे शेवटची फाइल काढायच्या, वेळी गॅमा टॅग (उजेड कसा दाखवायचा याची फाइलवरची नोंद) रेक ७०९-ए दिला की दोन्हींतलं अंतर पुष्कळ मिटतं. मात्र तीच फाइल टीव्हीवर थोडी वेगळी दिसू शकते, म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच विचारते, बघणार कशावर? उत्तर नेहमी एकच, फोनवर.

पैशांचं. फुकट आवृत्तीत हे वरचं सगळं आहे, ४के अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं, आणि स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीचे इफेक्ट वापरले नाहीत तर वॉटरमार्क येत नाही. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलर, एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. माझ्या मॅक मिनीवर फोनच्या १०-बिट, म्हणजे रंगाच्या जास्त छटा साठवणाऱ्या, फाइली फुकट आवृत्तीत उघडतात. विंडोजवाल्यांनी मात्र एक क्लिप टाकून आधी बघून घ्यावं, तिथे १०-बिट एच.२६५ साठी (व्हिडिओ आकसून साठवायची ही एक पद्धत) स्टुडिओ लागू शकतं. नॉइज, म्हणजे अंधारातले दाणे, काढायची सोयही स्टुडिओतच. रात्रीच्या वरातीचं काम जास्त असेल तर ती लागेलच. मी अजून घेतलेली नाही, दिवाळीनंतर बघू.

शिकायला जड आहे, हे खरं. स्क्रीनच्या खालच्या पट्टीतल्या पानांपैकी मला रोज तीनच लागतात. आणि शूटवाल्यांना मी आता सांगूनच ठेवलंय, पाहुण्यांचा फोन वापरणार असाल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये जाऊन एचडीआर बंद करायला लावा. दोघांनी ऐकलं, तिसरा अजूनही ‘ताई, तुम्ही बघून घ्या’वरच आहे.

हळदीचा भाग दुरुस्त करून काकूंना परत पाठवला. संध्याकाळी फोन आला. ‘पैठणी आता अगदी बरोबर आली हो. फक्त माझी जाऊ जरा जास्तच उजळ दिसतेय, तिचं काही करता येईल का?’