कृष्णेच्या धारेविरुद्ध जाण्यासाठी लांब पत्र्याची नाव की रुंद फायबर नाव?

कर्नाटकातील चिक्कोडी, रायबाग आणि कागवाड तालुक्यांत कृष्णाकाठी स्वतःची नाव घेऊ पाहणाऱ्यासमोर दोन पर्याय ठेवता येतात. एक म्हणजे पाच मीटर लांबीची निमुळती पत्र्याची नाव, मागे लहान इंजिन लावलेली. दुसरी म्हणजे चार मीटरची रुंद, सपाट बुडाची फायबर नाव आणि तिला १५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. निव्वळ वल्ह्यांची नाव येथे विचारात घेतलेली नाही, कारण भरलेली नाव वल्हवत ताशी चार-पाच किलोमीटरचा वेग फार वेळ टिकत नाही आणि पावसाळी धार त्याहून सहज अधिक असते. (कन्नड मुलखातला गोल हरिगोलु, म्हणजे टोपलीसारखी होडी, तर उतारानेच जावा, वर न्यायचा तो डोक्यावरून.)

पाणी कापत जाणाऱ्या नावेचा वेग तिच्या पाण्यातील लांबीवर ठरतो. पाच मीटरच्या नावेला ताशी सुमारे १० किलोमीटरची मर्यादा पडते. त्यापुढे इंजिन वाढवले तरी ती स्वतःचीच लाट ढकलत बसते. धार ताशी ६ किलोमीटर असेल, तर काठाच्या हिशेबाने ती ४ किलोमीटरच सरकते, म्हणजे १० किलोमीटर वर जायला अडीच तास लागतात. फायबर नाव पाण्यावर उचलली जाऊन ताशी २५ किलोमीटरने धावू लागली, तर तेच अंतर साधारण ३२ मिनिटांत कापते.

हा फरक मोठा दिसतो, परंतु तो दोन माणसांपुरताच खरा मानावा. चार माणसे आणि खताची पोती चढली की फायबर नाव पुरती उचलत नाही, नाक वर करून अर्धवट रेटत राहते, आणि पेट्रोल सर्वाधिक जळते ते याच अवस्थेत. विक्रेता सांगतो तो वेग बहुधा रिकाम्या नावेचा आणि संथ पाण्यावरचा असतो. पाणी कापणाऱ्या नावेला लागणारी शक्ती वेगाच्या ढोबळमानाने घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे धारेविरुद्ध सर्वांत स्वस्त वेग धारेच्या दीडपट पडतो: ६ च्या धारेत ९. हा वेग लांब नावेच्या आवाक्यात आहे. धार ९ वर गेली की साडेतेरा लागतात, ते तिला जमत नाहीत; मात्र अशा पाण्यात फायबर नाव काढण्यापेक्षा पाणी ओसरेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

शिवाय सलग प्रवासाची कल्पनाच येथे फारशी चालत नाही. चिक्कोडी तालुक्यातील अंकलीहून वर निघाले की कल्लोळ-येडूरचा बंधारा आडवा येतो, त्याच्याही वर शिरोळ तालुक्यातील राजापूरचा. पाणी अडवलेले असताना फुगवट्यात धार जवळजवळ नसते, पण बंधारा ओलांडता येत नाही. पावसाळ्यात पाणी मोकळे सुटले की खांबांमधून इतक्या जोराने घुसते की तेथे नाव घालणे जिवावर बेतेल. येडूरजवळ दूधगंगा मिळते, तेथे दोन धारा एकमेकींत घुसून नावेचे नाक फिरवतात, आणि आखूड नावेपेक्षा लांब नाव सरळ राखणे सोपे जाते.

वर जाताना वळणाच्या आतल्या बाजूने, काठालगत जावे, कारण तेथे धार मंद असते. दुर्दैवाने उपशाच्या मोटारींचे पाईप, दोर आणि जलपर्णीही काठालगतच असतात. सपाट बुडाची फायबर नाव उथळ पाण्यात सहज शिरते, हा तिचा खरा गुण आहे; पण इंजिनाचा पंखा बुडाखाली लोंबतोच, आणि तो अडकला की नाव तत्काळ खाली वाहू लागते. म्हणून दोन्ही नावांत वल्ही, नांगर, जीवरक्षक जाकिटे आणि इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी हवीच. वजन ओढायचे असल्यास कमी पीचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा, पंखा मागून घ्यावा.

इंजिन लावताच अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो आणि नोंदणी करावी लागते. ही नोंदणी सर्व राज्यांत ग्राह्य असल्याने कर्नाटकातल्या जुगूळहून समोरच्या खिद्रापूरला जाण्यासाठी महाराष्ट्राची वेगळी नोंदणी लागत नाही.