बाळाच्या घामोळ्यांवर कॅलामाइन लोशन: उपयोगी, पण मर्यादित

एप्रिल-मेच्या उकाड्यात गोव्यातल्या घराघरांत तान्ह्या बाळाच्या मानेवर, पाठीवर लाल पुटकुळ्या उठतात आणि कुणीतरी फार्मसीतून कॅलामाइनची गुलाबी बाटली आणतं. निवड चुकीची नाही. खाज आणि चुणचुण हे लोशन छान शमवतं, फार महागही नसतं. पण घामोळं येतं ते घामाच्या नलिका तुंबल्यामुळे, आणि त्या मोकळ्या करणं लोशनच्या हातात नाही. अंग गार आणि कोरडं राहिलं की दोन-तीन दिवसांत घामोळं आपसूक बसतं.

बाटली घेताना लेबल वाचाच. ब्रिटिश फार्माकोपियाच्या (औषधांच्या प्रमाणित सूत्रांच्या ग्रंथाच्या) सूत्रात १०० मिलीमध्ये १५ ग्रॅम कॅलामाइन, ५ ग्रॅम झिंक ऑक्साइड आणि अर्धा मिली द्रव फिनॉल असतं. बाळासाठी फिनॉल, कापूर, मेन्थॉल, डायफेनहायड्रामीन (अ‍ॅलर्जीवरचं औषध) आणि सुगंध यांपैकी काहीही नसलेलं लोशन मागा. चेहऱ्याचं तेज वाढवणारी म्हणून विकली जाणारी कॅलामाइन लोशनं यासाठी नकोत. बाळ सहा महिन्यांखालचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तळाशी बसलेला गुलाबी गाळ पूर्ण मिसळेपर्यंत बाटली हलवा, नाहीतर वरचं नुसतं पाणीच अंगाला लागतं. बाळाला कोमट पाण्याने, साबणाशिवाय पुसून घ्या, मऊ कापडाने टिपा, चोळू नका. मग कापसाच्या बोळ्याने पातळ थर द्या आणि तो वाळल्यावरच झबलं घाला. दिवसातून दोन-तीनदा पुरे. प्रत्येक वेळी आधीचा थर धुऊन काढायचा. जाड थर वाळून तडकतो, आणि गळ्याच्या घडीत त्याचे खडे होऊन तेच टोचतात. म्हणून घड्यांत लोशन लावूच नये, तिथे वारा लागू द्यावा. डोळे, तोंड, बोटं आणि सोललेली कातडीही टाळा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते न्हाणीत. खोबरेल तेल चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन बाळाला गच्च गुंडाळलं जातं. मे महिन्यात तेलाचा थर घाम अडवतो, आणि तेलकट अंगावर लोशनही टिकत नाही. घामोळं असेपर्यंत तेल बंद, पाणी कोमट, अंगावर एकच मलमलचं झबलं आणि पंखा चालू. पंख्याने बाळ बाधतं ही भीती सोडा. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, तेव्हा इस्त्री फिरवून, गार करून घाला.

घामोळ्यांची पावडर मात्र लहान बाळाला मुळीच नको. ती श्वासातून छातीत जाते आणि घामात भिजली की घड्यांत लगदा होतो. फार्मसीतून सहज मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर त्याहून वाईट.

जांघेत गडद लाल चट्टा आणि भोवती सुटे ठिपके दिसले तर ते बहुधा घामोळं नसतं, बुरशी असते. तिला वेगळं औषध लागतं. पुटकुळ्यांत पू, सूज, किंवा तीन दिवसांत उतार नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर थेट जवळचं रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा, रात्र असली तरी. बाकी वेळी डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी लोशन धुऊन टाका, म्हणजे त्यांना खालची कातडी नीट दिसेल.