बेलफास्टची भिंत: पायी बघावी की काळ्या टॅक्सीतून?
उत्तर आयर्लंडच्या या शहरात फॉल्स रोडला आयर्लंडशी एकीकरण मागणारे कॅथलिक, शँकिल रोडला ब्रिटनशी इमान राखणारे प्रोटेस्टंट, आणि मध्ये १९६९ पासूनची भिंत. कसेही गेलात तरी दिसतं जवळपास तेच. फरक पडतो तो ऐकण्यात.

तीन तास हाताशी असतील आणि गुडघे कुरकुरत नसतील, तर दोन गाइडांची पायी सहल घ्या. फॉल्सची बाजू बहुधा माजी रिपब्लिकन (म्हणजे एकीकरणवादी) कैदी सांगतो. भिंतीच्या फाटकाशी तो निरोप घेतो आणि पुढे लॉयलिस्ट (ब्रिटननिष्ठ) बाजूचा माणूस तुम्हाला घेऊन जातो. १९८१ मध्ये ६६ दिवसांच्या उपोषणानंतर तुरुंगात मेलेला रिपब्लिकन कैदी बॉबी सँड्स फॉल्सकडे हुतात्मा, शँकिलकडे दहशतवादी. शँकिलवर १९९३ मध्ये मासळीच्या दुकानात झालेल्या बाँबस्फोटाबद्दलही तसंच. दोघांपैकी कुणी तटस्थ नसतो, तसा आवही आणत नाही.

फसगत होते ती बुकिंगमध्ये. जाहिरातीत ‘दोन्ही बाजू’ असतं, गाइड मात्र एकच. त्यामुळे ‘गाइड कुठे बदलतो?’ हे आधीच विचारा.

टॅक्सीची फेरी साधारण दीड तासाची. भाडं बहुधा टॅक्सीमागे असतं, म्हणजे चौघांना परवडतं, एकट्याला महाग. आई-बाबा सोबत असतील किंवा पाऊस असेल (तो असतोच), तर हीच बरी. पण आवाज एकाच चालकाचा, आणि उतरा, फोटो काढा, भिंतीवर मार्करने नाव लिहा, चढा, असा खाक्या. बॉम्बे स्ट्रीटला मात्र सांगून थांबवून घ्या. नाव आपल्या मुंबईचंच, आणि शेजारी काश्मीर रोड. ही गल्ली १५ ऑगस्ट १९६९ रोजी जाळली गेली. आज तिथे घरांच्या परसांवर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, पलीकडून येणारे दगड-बाटल्या अडवायला. त्यांच्यामागे भिंत: खाली काँक्रीट, वर पत्रा, त्यावर पुन्हा जाळी.

स्वतःचे स्वतः फिरणं फुकट, पण म्युरलखालची (भिंतीवरच्या चित्रांखालची) नावं सांगणारं कुणी नसतं. फाटकं रात्री बंद होतात, मग मोठा वळसा. १२ जुलैच्या आसपास मिरवणुकांमुळे रस्ते अडतात, तेव्हा काहीच ठरवू नका.

डब्लिनहून बसने येणार असाल तर सीमेवर सहसा कुणी हटकत नाही, तरी बेलफास्ट ब्रिटनच्या राज्यात आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा किंवा ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) शेरा असलेला आयरिश व्हिसा हवाच.